उशी कोणत्या टोकाला

वाशी, नवी मुंबई
१२ ऑगस्ट १९८४

ती. आत्यांना नमस्कार.

घडले ते असे :

१. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या रुग्णालयात बाबांच्या घशातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका आतून पाहिली. खालच्या टोकाला अस्तर सोललेले होते. पोटातले आम्ल कित्येक वर्षे वर येत होते, त्याचा हा परिणाम.

२. डॉक्टरांनी गोळ्या आणि पांढरे पातळ औषध दिले. तिखट, तळलेले, चहा, तंबाखू आणि रात्रीचे उशिरा जेवण बंद केले.

३. पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय विटांवर चढवायला सांगितले. मी त्याच संध्याकाळी चढवले.

४. जून संपेपर्यंत बाबांची जळजळ बरीच कमी झाली.

५. जुलैमध्ये तुम्ही तीन आठवडे आमच्याकडे राहून गेलात.

६. ८ ऑगस्टला पुन्हा नळी घातली. अस्तर पहिल्यापेक्षा जास्त सोलले आहे. दोन ठिकाणी व्रण आहेत आणि अन्ननलिका अरुंद होऊ लागली आहे.

पाच आणि सहा यांचा संबंध आहे असे मी म्हणत नाही. ते एकामागून एक आले, एवढेच.

हा आजार मला समजायला कठीण गेला नाही, कारण माझे कामच ते आहे. आमच्या कारखान्यात आम्लाच्या टाक्यांना आतून रबराचे अस्तर असते, आणि ते कुठे उडाले आहे हे मी तपासते. पोटाला असे अस्तर जन्मतः असते. अन्ननलिकेला तसले नसते. टाकी आडवी केली आणि वरची झडप सैल असली, की आम्ल जिथे जाऊ नये तिथे जाते. म्हणून विटा.

डॉक्टर सप्टेंबरअखेर तिसऱ्यांदा पाहणार आहेत. तेव्हाही व्रण भरत नसतील तर ऑपरेशन. तुमच्या धाकट्या भावाने एकोणसाठ वर्षांत दाढसुद्धा काढू दिलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशन हा शब्द निघाल्यापासून ते मला अहो-जाहो करू लागले आहेत.

तरी जुलैमध्ये मी कामावर असताना बाबांनी काय काय खाल्ले, ते कृपया लिहावे. रागावणार नाही.

जयमाला

---

कराड
१९ ऑगस्ट १९८४

चि. जयमालेस आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा घेऊन टाक.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणू की समन्स? एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या नंबरला मी. आरोपी नंबर पाच! पोस्टमननं विचारलं, "अक्का, मुंबईची खुशाली काय?" म्हटलं, "खुशाली कसली, तारीख पडलीय."

तर ऐक. तुझ्या बापानं काय खाल्लं? तू सांगून गेलीस तेच. दुधी. दुसऱ्या दिवशी दुधी. तिसऱ्या दिवशी पडवळ होतं, तर त्याला सण असल्यासारखं वाटलं. अगं, ताटात बघून डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या. याच नंदूनं लहानपणी चार-चार भाकऱ्या ठेच्याशी खाल्ल्यात, आणि तालुक्यात पहिला आला होता, ते उकडलेल्या दुधीवर नव्हे.

मी ठेच्याची एक बरणी आणली होती, हे कबूल. ती तुमच्या फडताळात मागं आहे. पण त्याला बोटसुद्धा लावू दिलं नाही. जेवताना एकदा नुसती बरणी समोर ठेवली होती, बघायला. बघून कुणाचं अस्तर जात नाही ना? का ते पण तुझ्या पुस्तकात आहे?

आणि जळजळ काय, मलाही होते. वय झालं की होतेच. मी काय नळ्या गिळत सुटले का? आडवं पडलं की वर येतं, तर आडवं पडू नये. दोन वर्षं झाली, आरामखुर्चीतच झोपते मी. उठून घोटभर गार दूध प्यायचं, संपलं. तुमच्या शहरात साध्या गोष्टीचं फार करतात.

जाता जाता, सांगलीचं एक स्थळ आहे. मुलगा साखर कारखान्यात इंजिनियर. तुला चालेल असा आहे, बोलतच नाही. फोटो सोबत घालते आहे. नंबर घालून उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी आत्या

---

वाशी
२६ ऑगस्ट १९८४

ती. आत्यांना नमस्कार.

बरणी सापडली. तोंडाला बांधलेला तुमचा फडका आणि दोऱ्याची गाठ तशीच आहे. ती गाठ बाबांना सोडता येत नाही हे मला माहीत आहे, कारण मलाही आली नाही. तेव्हा तुमच्याबद्दल मनात आलेला एक संशय मी मागे घेते.

दुसरा संशय गोजरावर होता. गोजरा म्हणजे करावे गावची कोळीण. आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन आमच्या इमारतीत येते. बाबांना सुकट फार आवडते. काल मी रजा घेऊन घरी थांबले आणि तिला जिन्यातच गाठले.

"गोजराबाई, बाबांना सुकट कधी दिलीत?"

"कोन? तुजे बापसाला? नाय गं बाय! जून लागल्यापासून काय घेतला नाय त्यानी."

"खरे सांगा."

"अगो, एकवीरा आईची आन! दार उघडतो, पाटीत वाकून बगतो, आन नाकानी असा ओढतो वास. मंग बोलतो, 'गोजरा, जा आता.' मी सांगतंय तुला, फुकट वास घेनारा असला गिऱ्हाईक मना नको. त्याला बरा कर नाय तर दार तरी लाव."

ती खोटे बोलत नव्हती. बाबा आतून सगळे ऐकत होते. नंतर म्हणाले, "अहो जयमालाबाई, आता वास घेणंही बंद का?"

म्हणजे खाण्यात दोष नाही. गोळ्या मी स्वतः मोजून देते. विटा जागेवर आहेत, रोज संध्याकाळी उशी विटांच्या बाजूला लावलेली मी पाहते. तरीही तब्येत उतरते आहे. सकाळी तोंडात आंबट पाणी असते. काल पोळीचा तुकडा छातीत अडकला. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मला पाठीवर हात फिरवण्यापलीकडे काही करता आले नाही.

कारखान्यात चांगले चालणारे यंत्र बिघडले की आम्ही एकच प्रश्न विचारतो : मधल्या काळात काय बदलले? तोच तुम्हाला विचारते. तुमच्या मुक्कामात घरातले काहीही बदलले असेल, आजाराशी संबंध नसलेले, क्षुल्लक वाटणारेसुद्धा, तर ते सगळे लिहावे. तिसऱ्या तपासणीला महिना राहिला आहे.

फोटो पोचला. मुलाच्या शर्टाची बटणे एक सोडून लावलेली आहेत.

जयमाला

---

कराड
२ सप्टेंबर १९८४

चि. जयमालेस आशीर्वाद. यावेळी साधे.

पोळी अडकल्याचं वाचलं. त्याला सांग, घास अडकला की घाबरायचं नाही. माझाही अडकतो, भाकरीचा तर हमखास. पाण्याचा घोट घ्यायचा आणि ताठ बसायचं, उतरतो. सहा महिने मी भाकरी दुधात कुस्करूनच खाते, कुणाला कळतही नाही.

आता काय बदललं ते. विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी केलेलं मोजून दाखवणाऱ्यातली नाही. मिठाची बरणी गॅसजवळ होती, पाणी सुटलं होतं, ती वर ठेवली. तडकलेला आरसा काढून माळ्यावर टाकला. तडकलेल्या आरशात तोंड बघायचं असतं का? तुमच्या तुळशीला सावलीतून हलवलं. वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई तुमच्या दांडीवर ओले कपडे ठिबकवत होत्या. त्यांच्याशी मी भांडले. आता ठिबकवत नाहीत, बघ.

आणि सगळ्यात मोठं काम केलं, त्याचं तर तुम्ही दोघं आभारही मानणार नाही. अगं, शिकलेल्या मुली तुम्ही, पण बापाला झोपवता कसं? दक्षिणेकडे पाय करून! ती यमाची दिशा. तसं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. मी पाहिलं त्या दिवशी मला घास गेला नाही. नंदूला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता उशी फिरव." तो म्हणाला, "अक्का, जयूनं विटा लावल्यात." म्हटलं, "विटा राहू देत जिथं आहेत तिथं. पलंगाला कुणी हात लावू नका. तू फक्त उलटा हो." माझ्या गळ्याची शपथ घातली, आणि तुला सांगायचं नाही ही दुसरी घातली. कारण तू वाद घातला असतास.

आणि मला दिशा कळत नाहीत असंही समजू नकोस. जुलैत तीन आठवडे सूर्य दिसला नाही हे खरं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते ना? तुम्ही मुलुंडला होता तेव्हा पंचवीस वर्षं मी येत होते. खाडी पूर्वेला, हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन.

तर हे एवढं बदललं. यातलं काय नडलं असेल, सांग बघू. मला वाटतं, मीठ.

तुझी आत्या

---

वाशी
८ सप्टेंबर

प्रिय अक्का,

हे पत्र जयूला न दाखवता टाकतो आहे.

घात झाला. तिला कळलं. तुझं नाव मी घेतलेलं नाही, पण कसं कोण जाणे, तिला सगळं ठाऊक होतं. कामावरून आली, हातात कागद होता. पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाली, "बाबा, जरा उठता का?" मी उठलो. तिनं विटा काढल्या, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला लावल्या, पट्टीनं उंची मोजली. मग म्हणाली, "झोपा आता. आत्यांनी सांगितलंय त्याच टोकाला डोकं ठेवा."

एवढंच. तुझी शपथही राहिली, तिच्या विटाही राहिल्या. हे मला दोन महिन्यांपूर्वी का सुचलं नाही?

अक्का, खरं सांगू? हाल झाले माझे. रोज संध्याकाळी तिच्यासमोर उशी विटांच्या बाजूला ठेवायची, आणि दार लावलं की दुसऱ्या टोकाला. डोकं खाली, पाय वर. सकाळी उशीसकट घसरून टाळू भिंतीला लागलेली असायची. छातीत निखारे. मला वाटलं, औषध लागू पडत नाही. हिला सांगितलं नाही, कारण तू शपथ घातली होतीस. तुलाही कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, नंद्या, एवढंही सोसवत नाही?

बत्तीस वर्षं रेशनिंग ऑफिसात काढली, कुणाला एक दाणा जास्त मिळू दिला नाही. आणि घरात उतारावर डोकं ठेवून झोपलो! ही गोष्ट ऑफिसातल्या कुणाला कळू देऊ नकोस.

आता चार दिवस झाले. तोंड आंबट होत नाही. पण उशीर झाला असेल तर? ऑपरेशनात पोटाचा वरचा भाग ओढून नळीभोवती गुंडाळतात आणि टाके घालतात म्हणे. मी झोपेतून दचकतो.

ही मुलगी माझी आहे की कारखान्याची, असं मला कधीकधी वाटायचं. काल बघतो तर विटांना कापड गुंडाळलेलं, माझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून. तिच्या आईच्या साडीचं आहे.

तू अजून खुर्चीतच झोपतेस का?

तुझा
नंदू

---

(पोस्टकार्ड)

कराड
२७ सप्टेंबर

चि. जयमालेस आशीर्वाद. परवा तपासणी ना? निकाल लगेच कळव. मी नवस बोलले आहे. काय बोलले ते विचारू नकोस, तुझा विश्वास नाही. तिखट सोडलं आहे, तेवढं सांगते. माझ्यामुळं झालं असेल तर तसं स्पष्ट लिही. नंबर घालून लिही. — आत्या

---

वाशी
७ ऑक्टोबर १९८४

ती. आत्यांना नमस्कार.

२९ सप्टेंबरला तिसऱ्यांदा नळी घातली. एक व्रण पूर्ण भरला आहे, दुसरा भरत आला आहे. अन्ननलिका आणखी अरुंद झालेली नाही. अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा निकाल काल आला. वाईट काही नाही. ऑपरेशन रद्द.

डॉक्टर म्हणाले, "सात आठवड्यांत एवढा फरक? औषध बदललंत का?" मी म्हटले, "नाही. विटांची बाजू बदलली." बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे काही सांगितले नाही. त्यांनी मला पुन्हा अगं-तुगं सुरू केले आहे.

तुम्ही विचारले आहे, तुमच्यामुळे झाले का. हो. पण अर्धेच. विटा लावताना पलंग डोक्याकडून का उंच हवा, हे मी बाबांना समजावून सांगितले नाही. टाकीला समजावून सांगावे लागत नाही, त्या सवयीने राहिले. तेवढा भाग माझा.

आता दुसरा मुद्दा. हा फक्त तुमच्यासाठी आहे.

खाडी मुलुंडच्या पूर्वेला आहे, हे बरोबर. पण आता आम्ही मुलुंडला राहत नाही. खाडी ओलांडून पलीकडे आलो आहोत. पलीकडून पाहिले की तीच खाडी पश्चिमेला असते. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी पडदा लावला आहे, तो संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येते म्हणून. तुम्ही आलात तेव्हा ढग होते, त्यामुळे पडदा कशासाठी हा प्रश्न तुम्हाला पडला नाही.

म्हणजे तुम्ही ठरवलेल्या चारही दिशा उलट्या होत्या. बाबांचे डोके मुळात दक्षिणेला होते आणि पाय उत्तरेला, तुमच्या नियमाप्रमाणे अगदी योग्य. ते तुम्ही फिरवलेत. तेव्हापासून आजपर्यंत बाबा दक्षिणेकडे पाय करून झोपत आहेत. यमाकडे पाय आणि व्रण भरत आहेत. मी यातून कोणताही निष्कर्ष काढत नाही.

हे मला तुमचे २ सप्टेंबरचे पत्र वाचतानाच कळले होते. लिहिले नाही, कारण विटा फिरवून काम होत होते, आणि बाबांना त्या वेळी आणखी एक धक्का नको होता. त्यांना अजूनही माहीत नाही. मी आपणहून सांगणार नाही. त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही. परवा ते खिडकीशी उभे राहून मावळतीकडे बराच वेळ बघत होते, तेव्हा मी पडदा ओढला. दर वेळी ओढता येईल असे नाही.

तिसरा मुद्दा. तुमच्याच पत्रांतली वाक्ये उतरवून काढते.

"आडवं पडलं की वर येतं."

"दोन वर्षं झाली, आरामखुर्चीतच झोपते मी."

"भाकरीचा तर हमखास."

"सहा महिने मी भाकरी दुधात कुस्करूनच खाते, कुणाला कळतही नाही."

शेवटचे वाक्य चुकीचे आहे. कळते. ही वाक्ये मी डॉक्टरांना वाचून दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "यांना लवकर घेऊन या."

भाऊबीजेनंतरच्या सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. नळी गिळताना पहिली दोन मिनिटे त्रास होतो. नाकाने श्वास घेत राहायचे असते. बाबा तुमच्या शेजारी बसून ते करून दाखवणार आहेत. रोज आरशासमोर सराव चालतो. आरसा माळ्यावरून खाली काढला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. गोजरा विचारते, "तुजा बापूस मासा झालाय काय?"

तुमच्यासाठी दुसरा पलंग आणला आहे. त्याच्या एका बाजूला विटा लावून झाल्या आहेत, त्यांनाही कापड गुंडाळले आहे. डोके कोणत्या दिशेला, ते तुम्ही येऊन ठरवावे. फक्त विटांच्या बाजूला असावे.

तुम्ही आलात तर खाडी कोणत्या बाजूला हा विषय घरात निघणार नाही, याची जबाबदारी माझी. नाही आलात, तर भाऊबीजेला बहीण का आली नाही असे बाबा विचारतील, आणि मी वर लिहिलेच आहे, की मी खोटे बोलत नाही.

सांगलीच्या मुलाचा फोटो परत पाठवते. तो बोलत नाही, मीही फार बोलत नाही. एका घरात एक तरी बोलणारे माणूस लागते. आमच्याकडे ते जुलैमध्ये तीन आठवडे होते. मालतीबाईंचे कपडे पुन्हा ठिबकू लागले आहेत.

येता की नाही, ते १५ ऑक्टोबरपर्यंत कळवावे.

जयमाला